बेटावदपर्यंतचे कागद

तू गाडी घेतलीस हे कळलं तेव्हा मी
लोटनच्या गाडीचा क्लच उघडून बसलो होतो.
फोटोत गाडी, मागे तिचा जुना मालक,
लाइपझिगचा कुणी निवृत्त पोस्टमन,
पायाखाली अर्धं बर्फ, अर्धा चिखल.
बारा वर्षं जुनी, साडेसहाशे सीसी, एकच सिलिंडर.
मी विचारलं, ऑइल पिते का?
तू म्हणालीस, आप्पा, आधी अभिनंदन म्हणतात.

मग म्हणालीस, हिच्यावरच घरी येते.

तुझी माय दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता एवढंच :
"तठे रातले कुत्रा मागे लागतस का?"

आता रोज साडेदहाला शटर अर्धं ओढून
पेंडीच्या दुकानाच्या कॅलेंडरमागे
आपण देश मोजतो.
हंगेरी एक दिवस. सर्बिया दीड.
तुर्कस्तान संपता संपत नाही.
इराणात पेट्रोल स्वस्त, पण कार्ड चालत नाही;
रोकड बुटात ठेवायची की सीटखाली
यावर आपलं भांडण झालं. मी म्हणालो,
एअर फिल्टरच्या डब्यात. तो कोणी उघडत नाही,
आपल्याकडे तरी.
बंदर अब्बासला गाडी बोटीत, तू विमानात,
मुंद्र्याला पुन्हा गाठ.
आधी तू पाकिस्तानातून सरळ रेघ मारायला लावली होतीस.
ती मीच खोडली.
कॅलेंडर तिरकं धरलं की अजून दिसते,
पेन्सिलचा दाब राहतो.

क्लचची नवी केबल जुनीच्या शेजारी आधीच ओवून ठेवायची,
तुटली की नुसती टोकं बदलायची :
हे मी तुला शिकवलं नाही.
हे तू मला सांगितलंस,
आणि मी दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत सुटलो.

तुझ्या वहीत मुंद्र्यानंतर एकच शब्द आहे : घर.
जसं काही ते आपोआप येतं.
म्हणून रविवारी स्प्लेंडर काढली,
नंदुरबारपर्यंत गेलो, येताना लिहीत आलो.
घे लिहून.
पथाऱ्यांवर मिरची वाळत असेल, काच खाली कर.
ठसका लागला की नंदुरबार आलं.
दोंडाईच्याचं फाटक लागलं की लागलं,
इंजिन बंद कर, शेंगा घे.
शिंदखेड्याच्या अलीकडे सतरा खड्डे.
अठरावा बुजवलाय, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.
नरडाण्याला चहा बरा. तिथे तुला कोणी ओळखत नाही,
हेल्मेट काढून निवांत पी.
पुढे सगळेच ओळखतात.

परवा तू कार्नेचं पुस्तक फोनसमोर धरलंस.
एकेका पानाचे तीन तुकडे :
एक आत येताना फाडायचा, एक बाहेर जाताना,
एक पुस्तकातच राहतो.
अनामत गाडीच्या किमतीएवढी.
भाषा मला येत नाही, आकडा कळला.
सहा महिने.
तेवढ्यात गाडी देशाबाहेर गेली नाही तर अनामत बुडाली.
हे तू बोलली नव्हतीस.
मीही नाही बोललो.
एक प्लग पुसत राहिलो, साफ होता तरी.

म्हणजे माहेरवाशीणच की ही.
शिक्क्यानं येणार, शिक्क्यानं जाणार.
गाडीचं ठीक आहे.
तुझ्या पानाचा दुसरा तुकडा
फाडायचा राहिलाय का, माला?

नको सांगूस.
चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल दे.

शेडचं माप घेतलं. तुझ्या गाडीचं हॅन्डल
आपल्या दारापेक्षा चार बोटं रुंद.
दार काढून ठेवलंय, चौकटीसकट.
माय विचारते, अजून व्हिसाचा पत्ता नाही, घाई काय होती?
सध्या गोणपाट लावलंय.
रात्री गल्लीतली कुत्री येऊन झोपतात तिच्या जागेवर.
हाकलत नाही.