बारीक जाळी

मीटरपट्टी माझी, शिडी सुगुणनची,
पिकअप गुलबाज खानची.
उम्म अल कुवैनच्या खाडीकाठी, घरामागच्या अंगणात
मांडव आधीच उभा होता,
पांढऱ्या कापडाचा, सहा बाय चार,
लोखंडी पाय वाळूत सिमेंटनं रोवलेले,
चारी बाजू मोकळ्या.
आम्ही भिंती लावायला आलो होतो,
असून नसल्यासारख्या भिंती.

खलफान म्हणाला, सगळ्यात बारीक जाळी लाव.
इथे तिवरं आहेत. ओहोटीला चिखल उघडा पडतो
आणि तिन्हीसांजेला त्यातून उठतात चिलटं,
डोळ्याला दिसत नाहीत, कानाला कळत नाहीत,
फक्त घोट्याला कळतात.
साध्या जाळीतून ती येतात
चाळणीतून पीठ यावं तशी.

त्याची आई खुर्चीतून म्हणाली,
हवा.
एवढंच.
तिच्या अरबीतही हवा म्हणजे हवाच,
पण मला माझ्या मराठीत दोन्ही ऐकू आलं.

आता हे कुणाला समजवायचं,
की भोक लहान केलं तर किडा अडतो,
पण वाराही मग उंबऱ्यात चपला काढून उभा राहतो,
आत येऊ का विचारत.
एकोणीस वर्षं हाच हिशेब करतोय मी:
इंचाला सोळा घरं, की वीस, की तीस.
तीन बाजूंना तीस घातली.
खाडीकडच्या बाजूला, कुणाला न विचारता,
वीस.
खालच्या काठात साखळी शिवली, वजनाला.
कोपऱ्यांत चेन. ती वर-खाली ओढून दाखवली.
उरलेला दीड मीटर तुकडा घडी करून खिशात,
हर्णैला बहीण मांदेली वाळत घालते,
माशांना पुरे होईल.

रात्री नऊला फोन.
बाहेरच्यापेक्षा आत जास्त आहेत, ये आणि बघ.
रस्ताभर मी गप्प.
ती वीस घरं एकेक करून
मला चावत होती.

जाऊन बघतो तर काय,
ट्यूबलाइट मगरिबच्या आधीपासून चालू,
तेव्हा चारी चेन उघड्या,
आणि अंधार पडल्यावर कुणीतरी
शहाणपणानं सगळ्या घट्ट लावलेल्या.
वीस नव्हे, माझी तीसची जाळीच
त्यांना आत धरून होती.
जाळीला कुठे कळतं
आतलं कोण, बाहेरचं कोण.

मी ट्यूब बंद केली.
पिकअपचे दिवे लावायला सांगितले,
तोंड खाडीकडे.
एका कोपऱ्याची चेन वरपर्यंत ओढली
आणि म्हटलं, आता थांबायचं.
खलफान घरात गेला, एसी होता तिकडे.
आई थांबली.

अंधारात माणसं बोलतात.
ती म्हणाली, लहानपणी उन्हाळ्याचं घर
खजुरीच्या झापांचं होतं,
भिंतच अशी विणलेली की वारा
पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा यायचा.
माझं अरबी तोडकं, पण झापं मला माहीत होती,
आमची माडाची.
आणि किडे? मी विचारलं.
ते पण, ती म्हणाली,
आणि इतकी हसली की खुर्ची करकरली.

दिव्यांच्या झोतात चिलटं दिसू लागली,
आधी चार-दोन, मग धूर निघावा तशी,
कुणीही घाईत नाही.
खाडीकडच्या बाजूनं काहीतरी तिच्या ओढणीला लागलं.
तिनं मान तिकडे वळवली.
हवा, ती म्हणाली.
मी त्या जाळीबद्दल काही बोललो नाही.

कधीतरी चेन खाली ओढली.
आत कुणी राहिलं असेल तर राहो.

गाडीत गुलबाज काचा उतरवून झोपलेला,
कपाळावर एक डास, पोट भरत आलेलं.
मारायला हात उचलला,
मग वाटलं, त्याची झोप मोडेल.