कलम चार

इथे वकिलाला डॉक्टर म्हणतात.
डॉक्टरचं पत्र आलं की माणूस आधी आजारी पडतो,
मग माझ्या दुकानात येतो.

सान लोरेन्सो, टपाल कचेरीसमोर.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो,
आणि काचेवर उन्हाने पिवळी पडलेली चिठ्ठी :
नोटिशींना उत्तरं लिहून मिळतील.
मी वकील नाही.
एका वकिलाकडे एकोणीस वर्षं टाइपरायटर बडवला,
तीच माझी सनद.

पहिला धडा : चिडायचं नाही.
रागाला या फॉर्मवर रकाना नाही.
दुसरा : माफी मागायची नाही.
माफी म्हणजे कोऱ्या कागदावर सही.
तिसऱ्याला धडा म्हणवत नाही, तो जपच आहे.
मजकूर साफ खोटा, मान्य व कबूल नाही.
मजकूर साफ खोटा, मान्य व कबूल नाही.
शर्टांच्या कारखान्यातली बिबियाना
हे ऐकता ऐकता खुर्चीत ताठ बसली होती.
तिला 'विनापरवाना गैरहजर' ठरवून काढलं होतं.
सगळं लिहून झाल्यावर म्हणाली,
आणि कळवा त्यांना, कात्री माझी होती.
कळवलं. कायद्यात बसत नव्हतं,
पण ओळीत बसलं.

एवारिस्तो आला जुलैत,
नदीवरून धुकं हटत नव्हतं तेव्हा.
पाकीट त्याने मासळीच्या पिशवीत आणलेलं.
मी वाचू लागले, माझे अशील यांच्या सांगण्यावरून…
अशील कोण?
तुमचा भाऊ. सेलेदोनियो.
मग तसं का नाही लिहीत?
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे वाचलं.

एक. होडी वडिलांनी अशिलास तोंडी दिली.
खोटं, म्हणाला. म्हाताऱ्याने तोंडी
शिव्यांशिवाय काही दिलं नाही.
दोन. इंजिन अशिलाच्या पैशाचं.
अर्धं, म्हणाला.
अर्धं नाकारता येत नाही, मी म्हटलं.
बराच वेळ गप्प राहिला. मग, नाकार.
तीन. आपण रंग बदलून होडी लपवली.
निळीवर निळाच दिलाय, म्हणून हसला,
दोन दात नव्हते.

चार. पुराच्या वर्षी, मध्यरात्री,
माझ्या अशिलाने आपणास याच होडीत
केसांना धरून ओढून घेतले,
त्या उपकाराची आपण जाणीव ठेवली नाही.

माझी बोटं सवयीने पुढे गेली होती.
कलम चारमधील मजकूर साफ
एवढं टाइप झालं
आणि त्याने पंजा कीबोर्डवर ठेवला.
पडद्यावर ससससस उमटत गेलं.

ते राहू दे.
मी समजावलं, जसं सगळ्यांना समजावते :
जे नाकारत नाही, ते कबूल धरतात.
उद्या कोर्टात तेवढंच धरून बसतील.
धरू दे, म्हणाला.
त्यानेही धरलंच होतं की.
आणि टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला.
आता तिथे केस नव्हते.

तीन प्रती काढल्या.
खिडकीतल्या ग्रासिएलाने शिक्का मारताना
बोटाने ओळी मोजल्या :
एक, दोन, तीन, पाच.
मिर्ता, आकडा चुकलाय.
चुकलेला नाही, मी म्हटलं, मार शिक्का.

अकरा दिवसांनी गुलाबी पोच आली,
पत्ता माझ्या दुकानाचा दिलेला म्हणून माझ्याकडे.
सही सेलेदोनियोची, पेन कागदात रुतलेलं.
रागाने की थंडीने, पोचेवर कळत नाही.
होडीचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही.
लोक निकाल सांगायला येत नाहीत,
नवी नोटीस आली की येतात.

आताही दारात एकजण उभा आहे,
पाकीट छातीशी, न फोडलेलं.
कुत्र्याबद्दल आहे म्हणतो, किंवा भिंतीबद्दल.
बसा.
आधी वाचू.
मग बघू, काय काय नाकारायचं ते.