गट नंबर

नागपूरच्या कोर्टाच्या कुंपणाला लागून, कडुनिंबाखाली, माझं टेबल.
एकतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी टाइप करतो.
लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक,
पूर्वेस नाला, पश्चिमेस धुरा,
उत्तरेस ज्याच्याशी बोलणं नाही तो चुलतभाऊ.
चतुःसीमा सांगताना माणूस थोडा वेळ डोळे मिटतो,
तेवढ्यात मी रिबन सरकवून घेतो.

माझ्या सासुरवाडीला, उमरेडच्या अलीकडे, मौजे बोरखडकी,
कोळशाच्या थरात वायू सापडला म्हणे.
कंपनीचा माणूस आला, पांढरी गाडी, पायात गमबूट,
आणि घरोघरी वेगवेगळा बसला.
प्रत्येकाकडे चहा प्याला, प्रत्येकाला म्हणाला,
तुमचा भाव तुमच्यापाशीच ठेवा, काका,
बाकीच्यांना एवढा नाही.
महिनाभर गाव एकमेकांशी हवापाण्याचंच बोललं.

वकील म्हणाले होते, खालचं सगळं सरकारचं.
तुमची फक्त वरची साल, तीही भाड्यानं.
त्यावर देवाजी उईके:
"साल सोलल्याबिगर संत्र खाता येते का कोनाले?"

मग शेवंताबाई चापलेनं घरून पायली आणली,
ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवली.
"ज्याले जेवढा सांगतला तेवढा चिठ्ठीवर लिवा.
नाव नोका टाकू."
सतरा खातेदार, सतरा चिठ्ठ्या.
वाचायला मला बसवलं,
कारण मी जावई, म्हणजे कोणाचाच नाही.

एकरी चाळीस हजार. एकरी बावीस. परत बावीस.
एक लाख दहा.
पत्र्यावरून खारूताई पळाली, तेवढाच आवाज.
आणि एका चिठ्ठीवर आकडाच नव्हता,
"बोअर पाडून देऊ" एवढंच,
चौथीतल्या मुलीच्या गोल अक्षरात.
बेबीबाई सहारेनं पदर सावरला, खाली बघितलं.
नाव न टाकताही नाव झालं.

लाख दहावाला कोण, तेही कळलं.
रस्त्याला लागून एकच शेत, गुणवंत घोरमारेंचं.
ते उठले, तंबाखू मळत बाहेर गेले.
अंधारात मोटरसायकल दोन किकांत चालू झाली,
ती गावाबाहेर जाईस्तोवर सगळ्यांनी ऐकली.

रात्री दीडपर्यंत भांडलो.
भावावर कमी, बाकीवर जास्त.
वरची काळी माती वेगळ्या ढिगात ठेवा, जाताना वरच घाला.
विहिरींचं पाणी दर सहा महिन्यांनी तपासा, कागद आमाले द्या.
तुरीत गाडी घालायची नाही, धुऱ्यानं जा.
खड्डा कोण बुजवणार त्याचं नाव लिहा,
कंपनीचं नाही, माणसाचं.
आणि बेबीबाईला सगळ्यांचाच भाव,
बोअर त्याच्या वरून.

सातबाऱ्यावरून हजारदा उतरवलाय मी हा शब्द.
गट नंबर बारा, गट नंबर एकेचाळीस,
म्हणजे ज्याचा त्याचा तुकडा,
ज्याची त्याची मोजणी, ज्याचं त्याचं भांडण.
त्या रात्री त्याच शब्दात
सोळा जण मांडी घालून बसलेले पाहिले.
अक्षरं तीच दोन.

सकाळी मशीनवर कागद चढवला.
लिहून देणार: एक, देवाजी कवडू उईके.
दोन, शेवंता नत्थू चापले.
सोळाव्या नावापर्यंत आलो, मान वर केली,
तर समोर गुणवंतराव, हेल्मेट काखेत,
डोळ्यांत झोप नाही.
"लाखाच्या वरचं म्या नोयतं मांगतलं,
त्यायनंच सांगतलं."
मी म्हटलं, बसा.
बसले नाहीत.
"माहं नाव टाक. पन खाली नोको, वर बी नोको.
मधात कुठंतरी टाक."

मधात जागा नव्हती.
कागद ओढून काढला, कार्बन सरळ केला,
नवा चढवला,
एकपासून पुन्हा.