रकाना सातवा

पंचांच्या खोलीत पंखा नाही. गोणपाटावर रजिस्टर,
आणि मी चिटणीस, म्हणजे पेन माझं, चहाही माझ्याच नावावर.
पांझरेवरचा बंधारा, त्याखाली चार फड,
त्या फडांतल्या रात्री कोणाच्या, ते इथे ठरतं.

अर्ज लोटन धुडकू नांद्रे यांचा.
मंगळवारची रात्रपाळी, दोन ते पाच,
खालच्या फडात हसीनाबी पिंजारी हिच्या नावे करावी.
गट नंबर आहे, नकाशा आहे, तिचा अंगठा आहे.
रकाना सातवा, हस्तांतराचं कारण :
‘पाणी आता ऐकू येत नाही.’

उखर्डूभाऊ हसले. मग कोणीच हसलं नाही.
अंधारात दारं धरणाऱ्याला ठाऊक असतं,
वाफा भरत आला की पाणी आवाज बदलतं,
जड होतं, बोलता बोलता थांबतं,
तेव्हा फावडं मारायचं.
लोटनअण्णांनी चाळीस वर्षं बॅटरी नेली नाही पाटावर.
मागच्या मंगळवारी बांध फुटला,
शेजारच्या कांद्यात तळं,
आणि हे दहा पावलांवर उभे, बिडी ओढत.

नियम म्हणतो, पाणी जमिनीसोबत जातं, माणसासोबत नाही.
वरच्या फडाची हरकत : आज पाळी गेली, उद्या फड जाईल.
जागल्या म्हणतो, शेपटाकडे पोचेस्तोवर
तासातली वीस मिनिटं पाटच पितो,
ती कोणाच्या खाती टाकू?
मी लिहीत गेलो. हा प्रश्न दरसाल येतो,
त्याचं उत्तर दरसाल गैरहजर.

अण्णांना ओरडून विचारलं, पोराच्या नावे का नाही?
ते आमच्या ओठांकडे बघत राहिले.
म्हणाले, ‘तिन्हा कान चांगला शेतस.’

ठराव मंजूर. हरकतीला तीस दिवस.
शिक्का पुसट उमटला, पुन्हा मारला,
आता तिथे दोन बंधारे दिसतात, एकावर एक.

हरकत आली नाही.
पाचव्या मंगळवारी अडीचला मी बांधावर गेलो.
तपासणी म्हणून, असं समजा.
हसीनाबी वाफ्यात, पदर कानामागे खोचून.
अण्णा पाटाच्या कडेला बसलेले,
मनगटापर्यंत हात पाण्यात,
बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘भरना.’

तिचं फावडं त्याआधीच उचललेलं होतं.