तिकिटामागचे येणे

परभणी डेपोत रोज रात्री
मी पिशवी टेबलावर ओतते,
वेबिलाशी रुपयाला रुपया जुळवते.
दोनाची तूट आली
तर पदरचे भरते, सही करते, निघते.
बावीस वर्षं झाली.
घरच्या हिशेबावर
कुणी सही मागितली नाही,
म्हणून तो कधी जुळवलाच नाही.

माय तुरीच्या डब्यात नोटा ठेवायची,
खाली डाळ, मधे नोट, वर डाळ.
"पैसा दिसला की सरला बग," म्हणायची.
पहिल्या पगाराच्या संध्याकाळी
मी ते विसरले.
गांधी पार्कातून इरकल आणली, तीन हप्त्यांवर.
तिसरा हप्ता फिटायच्या आत काठ विरला.

मग लग्न.
मुंजाजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान,
पुढे मोबाईलचं.
माझं एटीएम कार्ड त्यांच्या खिशात,
पिन त्यांनाच पाठ.
माझा पगार झाला की नाही
हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.
दिवसभर जिंतूर गाडीत मी ओरडायची,
सुट्टे द्या, सुट्टे द्या.
संध्याकाळी तेच शब्द घरात,
फक्त आवाज बारीक.

त्यातूनही रोज वीस रुपये
कच्छवे मामांच्या पिग्मीत जायचे.
स्टँडवरच्या रसवंतीपाशी ते उभे असायचे,
कानावर पेन, काखेत पावतीबुक.
लेकीच्या नावचं खातं. कुणाला सांगितलं नव्हतं.
सहा वर्षांनी पतसंस्थेचं शटर खाली आलं
ते आलंच.
दुसऱ्या दिवशी मामा तिथेच उभे.
वीसची नोट पुढे केली.
"रोज एवढेच देईन, ताई. माझ्या खिशातले."
अकरा दिवस मी घेतले.
खोटं कशाला बोलू, घेतले.
बाराव्या दिवशी म्हटलं, राहू द्या, मामा.
ते पेन काढून तसेच थांबले,
"मग कुठं लिहू?"

संपात पाच महिने पगार नव्हता.
कानातली सराफाकडे गेली,
लेकीची परीक्षा फी शेजारणीने भरली.
तेव्हा मी पहिल्यांदा वही आणली.
दूध, गॅस, किराणा, दुकानाचं भाडं,
आणि शेवटी एक रकाना, किरकोळ.
महिनाअखेरीस बेरीज केली
तर किरकोळच सगळ्यात मोठं.
त्यात नणंदेचा आहेर होता, उधार दिलेले पाचशे होते,
आणि "नाही" म्हणता न आल्याचे
किती तरी.

पगार सुरू झाल्यावर मी कार्ड मागितलं.
भांडणाची तयारी करून बसले होते.
मुंजाजींनी खिशातून काढून दिलं,
"मलाबी त्याचा धाकच वाटायचा," म्हणाले.
मग दोघं किती तरी वेळ गप्प.
एवढी वर्षं दोन माणसं
एकाच कार्डाला घाबरून होती.

आता लेक संभाजीनगरला कंपनीत आहे.
पहिला पगार झाला, फोन आला,
"आई, किती ठेवू नि किती खर्चू?"
मला आकडा सांगता आला नाही.
म्हटलं, साडी हप्त्यावर घेऊ नको.
म्हटलं, पिन स्वतःच्या डोक्यात ठेव.
आणि थोडं किरकोळात जाऊ दे,
पण लिहून जाऊ दे.

काल बोरी फाट्यावर एक म्हातारी चढली.
लुगड्याच्या गाठीतून
चुरगळलेलं तिकीट काढलं, वर्षापूर्वीचं.
मागे आठ रुपये, आणि माझं अक्षर.
"बाई, तवा तुज्याकडं सुट्टे नव्हते."
वेबिलात ह्याला जागा नाही.
मी माझ्या पर्समधून आठ रुपये दिले.
ती मोजून घेत राहिली,
एकेक नाणं अंगठ्याने चाचपत,
गाडी सुटेपर्यंत.
मी घंटी वाजवायची थांबले होते.