सात शिल्लक

कुशिरोत जूनभर धुकं असतं.
कपडे वाळत नाहीत, बिस्किटं सादळतात,
आणि लेन्सच्या आत बुरशी धरते.
हिरोमुनं टॉर्च मारून दाखवली मला,
"ही बघा, काठाशी."
पांढरे तंतू, काचेवर गोठलेल्या हिवासारखे.
मी म्हटलं, सुरेख आहे रे.
तो म्हणाला, किंमत निम्मी होते त्यानं.

दुकान त्याच्या आजोबांचं.
हा कॅमेरा मी त्यांच्याकडूनच घेतला,
एकोणीस हप्त्यांत. शेवटचा हप्ता
खारवलेल्या रावस माशावर फिटला.
आता त्याच टेबलावर मांडलं सगळं:
दोन फ्लॅश,
तिपाई, तिचा एक पाय तारेनं बांधलेला,
एन्लार्जर,
आणि तो पट्टा, ज्याचा वळ
अजून आहे मानेवर.

चव्वेचाळीस वर्षं शाळांचे फोटो काढले.
उंच मागे, बुटके पुढे, मुठी गुडघ्यांवर.
'हसा' कधी म्हटलं नाही. म्हणायची, श्वास सोडा.
पहिल्या वर्षी एका वर्गात एक्केचाळीस पोरं;
मागे सरकता सरकता पाठीला भिंत लागायची.
शेवटच्या वर्षी, डोंगराकडच्या शाळेत,
दोन मुली आणि एक मास्तर.
मी सवयीनं म्हटलं, उंच मागे.
मास्तर मुकाट मागे गेले.
मग तिघंही असे हसत सुटले
की बटण दाबायचं राहूनच गेलं.

ते जाऊ दे. प्रश्न पैशाचा आहे.
छपराचा पत्रा गंजलाय, आणि माझा गुडघा.
धाकटी फुसाए सापोरोहून फोनवर म्हणते,
"कपाटात पडलेली वस्तू म्हणजे
भाडं न देणारा भाडेकरू."
तिचं खरं असतं. नेहमीच खरं असतं,
म्हणून मी फोन आखडता घेते.

हिरोमुनं आकडा लिहून कागद माझ्याकडे फिरवला.
आकडा वाईट नव्हता.
फ्लॅश दिले. तिपाई दिली.
एन्लार्जरवर हात जरा रेंगाळला, पण दिला;
आता न्हाणीघर नुसतं न्हाणीघर होईल,
खिडकीवरचा काळा कागद काढता येईल.
मग त्यानं कॅमेरा उचलला,
मागची झडप उघडायला अंगठा लावला, आणि थांबला.
"कुरोइवा-सान, आत रोल आहे.
एकोणतीस झालेत. सात शिल्लक."

कधी भरला होता? कुणाचे ते एकोणतीस?
काही केल्या आठवेना.
"गुंडाळून काढून देऊ?"
"नको," मी म्हटलं,
"भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये."
त्याला ते कळलं नसावं. तरी मान डोलावली,
आणि कागदावर कॅमेऱ्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं:
महिनाअखेरपर्यंत.

घरी चालत आले. पुलावर उभी राहिले.
नदी नाही, बोटी नाहीत, पलीकडचा किनारा नाही.
मासळीबाजाराचा वास तेवढा जागेवर.
बंदराच्या बाजूनं भोंगा वाजला,
कुणीतरी कुणाला सांगत होतं, मी इथं आहे.
डोळा लावला. आत सगळं पांढरं.
असल्या धुक्याचा फोटो काढणं म्हणजे
जाणूनबुजून एक घालवणं.
हिशेब येतो मला. फुसाएइतकाच येतो.

श्वास सोडला.
सहा.