छाट

ये, श्रीलता. चप्पल आत काढ,
बाहेर राहिली तर उद्या सगळं नीलमनगर मोजेल.
रात्री दहाला तू काही हळदीकुंकवाला आलेली नाहीस,
एवढं कळतं मला.

सूप सरकवते. बस.
पोरं गच्चीवर झोपलीत.
गच्ची! सहा वर्षं झाली स्लॅब पडून,
अजून शब्द तोंडात नवा लागतो.
त्याच गच्चीवर तुझे पापड वाळले दोन उन्हाळे,
आणि तिथंच उभी राहून तू म्हणालीस,
पोट भाड्यानं दिलेलं घर हे.
ऐकलं मी. जिन्यातच होते,
पापड उलटायला येत होते. तुझेच.

तुम्हाला सांगितलं, भिवंडीला गेले टॉवेलच्या कारखान्यात.
होते हैदराबादला.
एका खोलीत अकरा खाटा, खिडकीला जाळी,
रोज अंडं, रोज दूध, रोज सफरचंद.
जन्मात पहिल्यांदा पोटभर जेवले
ते दुसऱ्याच्या लेकरासाठी.
दुपारी हात रिकामे. बोटं आपसूक
चादरीची कड वळत बसायची.
शेजारची कर्नूलची बाई हसायची,
मग तीही वळायला लागली.

पाप?
तूच सांग. पान कंपनीचं, तंबाखू कंपनीचा,
दोरासुद्धा मोजून मिळतो.
आपलं काय असतं विडीत?
बोटं, मांडी, पाठीचा कणा.
लेबलावर कधी शोधलंस आपलं नाव?
मला हेच काम येत होतं.

फक्त एकदा...
तीन रुजले होते. डॉक्टरीण म्हणाली, दोन ठेवू.
कागद आला इंग्रजीत,
अंबादासनं सही केली तेलुगूत, मग मी.
तिसऱ्याचं काय, विचारलं नाही.
छाट म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.
रोज मुनीम मूठभर बाजूला काढतो,
मोडतो,
मजुरी धरत नाही.

ती बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी.
वाकून पाया पडली माझ्या,
आणि दोन्ही पोरं घेऊन लिफ्टनं खाली गेली.
दूध आलं तिसऱ्या दिवशी. छाती बांधली
आपल्याच सोलापुरी टॉवेलानं,
मोराचं डिझाइन होतं, नवाकोरा, खरखरीत.

परत आले तर बतकम्माच्या फेरात घेतलं नाहीत.
पुढच्या साली स्लॅब पडला, घेतलंत.
त्याच्या पुढच्या साली फुलांचे पैसे
माझ्याकडूनच मागितलेत.
राग नाही गं. मी दिले की.

नंबर? देऊन काय उपयोग,
ते दुकान बंद झालं. कायदा झालाय:
पैसे घ्यायचे नाहीत,
नात्यातल्या बाईनं मायेनं करायचं, फुकट.
फुकट केलं की पुण्य म्हणे.
फुकट तर आपण सगळंच करतो, श्रीलता.
त्याला कधी लागला कायदा?

किती हवेत?
आणि माग? गहाण टाकून झाला असेल.
...
एवढे नाहीत माझ्याकडे.

डोळे पूस. कात्री घे त्या डब्यातली,
पान भिजवलेलं आहे, फडक्याखाली बघ.
आलीच आहेस तर पन्नासेक वळून जा,
म्हणजे दारात कुणी विचारलं
तर सांगायला होईल.